‘सॅली’ची हिशेबवही

१७६४ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीच्या प्रॉव्हिडन्स बंदरातून ‘सॅली’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे जहाज आफ्रिकेकडे निघाले. जहाज लहानच होते, शंभर-सव्वाशे टनांचे. त्यावर लादलेल्या मालाची यादी आजही शाबूत आहे. १७,२७४ गॅलन रम. कांद्याच्या १,८०० जुड्या. पिठाची ४० पिंपे. तंबाखू. देवमाशाच्या डोक्यातल्या मेणापासून बनवलेल्या मेणबत्त्यांच्या ३० पेट्या. आणि याच सामानात ४० हातकड्या आणि ४० पायबेड्या.

आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे पानिपतानंतर विस्कटलेली घडी बसवत होते. ‘सॅली’ निघाल्यानंतर पुढच्याच महिन्यात इकडे बक्सारची लढाई झाली. म्हणजे हा काळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तरी अटलांटिक महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराची गोष्ट निघाली, की आपण ती कुठल्या तरी क्रूर, दर्यावर्दी लुटारूंची गोष्ट म्हणून ऐकतो. ‘सॅली’चे मालक लुटारू नव्हते. निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस ब्राऊन हे चार भाऊ प्रॉव्हिडन्समधले प्रतिष्ठित, देवभीरू, शिक्षणाची आस्था असलेले व्यापारी होते. त्यांचा मुख्य धंदा होता मेणबत्त्यांचा. देवमाशाच्या शिकारीवर चालणारी एक पेढी माणसांच्या खरेदी-विक्रीपर्यंत कशी पोचली, याचा जवळजवळ दिवसागणिक हिशेब या जहाजाच्या कागदपत्रांत सापडतो. हे असे का झाले, असे विचारले की बहुतेकदा एकच उत्तर मिळते: त्या काळी सगळेच तसे करत होते. हे उत्तर खरे आहे का, ते तपासण्यासाठी ‘सॅली’इतका चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

देवमाशाच्या डोक्यातला उजेड

स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचे डोके अवाढव्य असते. शरीराच्या साधारण एक तृतीयांश लांबी डोक्याचीच. या डोक्यात एक तेलकट, मेणासारखा द्रव असतो. मोठ्या नराच्या डोक्यात तो जवळपास दोन हजार लिटरपर्यंत भरतो. जिवंत प्राण्याच्या शरीरात तो पातळ असतो आणि बाहेर काढून थंड झाला की पांढुरका, घट्ट होतो. त्याला स्पर्मासेटी म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यावर न्यू इंग्लंडमधल्या कारखानदारांना या मेणाच्या मेणबत्त्या करण्याची युक्ती साधली आणि श्रीमंतांच्या घरातली रात्र बदलली. जनावरांच्या चरबीची मेणबत्ती धूर करते, वास मारते, उन्हाळ्यात वाकते. स्पर्मासेटीची मेणबत्ती स्वच्छ, स्थिर आणि लख्ख जळे. ती महागही तेवढीच होती.

तिच्यामागचे काम मोठे चिकाटीचे होते. कच्चा माल आधी कढवून गाळायचा, मग हिवाळ्याच्या थंडीत गोठू द्यायचा. गोठलेला गोळा पिशव्यांत भरून मोठ्या दाबयंत्राखाली पिळला, की जे तेल निघे ते सर्वांत उंची. कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नसे. उरलेला चोथा ऋतू पालटला की पुन्हा पिळायचा, पुन्हा पुन्हा शुद्ध करायचा, आणि शेवटी हाती येणारे पांढरे मेण साच्यात ओतायचे.

ब्राऊन कुटुंबाने प्रॉव्हिडन्सच्या बंदरालगत असा कारखाना उभा केला होता. कच्चा माल मुख्यतः नॅन्टकेट बेटावरच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांकडून येई. मागणी इतकी आणि माल इतका थोडा, की कारखानदारच एकमेकांच्या मुळावर उठले. म्हणून १७६१ मध्ये त्यांनी चक्क एक संघ केला. कच्च्या मालाला यापेक्षा जास्त भाव द्यायचा नाही, असे ठरवले. १७६३ च्या करारात तर आलेल्या मालाची वाटणीच करून टाकली. दर १०० पिंपांपैकी २० पिंपे एकट्या निकोलस ब्राऊन आणि कंपनीची, सर्वांत मोठा वाटा. न्यूपोर्टच्या ॲरन लोपेझ आणि जेकब रॉड्रिग्ज रिव्हेरा यांना प्रत्येकी ११. बाकीचे इतरांना.

ही नावे लक्षात ठेवावीत अशी आहेत. लोपेझ आणि रिव्हेरा हे सासरे-जावई. दोघेही मेणबत्त्या करत आणि दोघांनी मिळून आफ्रिकेत गुलाम खरेदीसाठी जहाजेही पाठवली. पुढे अमेरिकन क्रांतीच्या तोंडावर याच लोपेझने नॅन्टकेटच्या फ्रान्सिस रॉचबरोबर फॉकलंड बेटांकडे देवमाशांच्या शिकारीसाठी तांडा धाडला. देवमासा, रम, साखर, गुलाम हे या व्यापाऱ्यांच्या लेखी चार वेगळे धंदे नव्हते. एका खात्यात खोट आली की दुसऱ्यातून भरून काढायची, इतकेच.

एकच सांगाडा, दोन धंदे

जहाजांचेही तसेच होते. गुलाम वाहून नेण्यासाठी खास बांधलेली जहाजे लिव्हरपूलसारख्या बंदरात होती, पण पुष्कळ गुलामवाहू जहाजे जुनीच असत. कुणी युद्धात शत्रूकडून पकडलेले, कुणी साखर वाहणारे, तर कुणी देवमाशांच्या शिकारीवरून परतलेले. मालक बदलला, युद्ध सुरू झाले, तेलाचा भाव पडला की जहाजाचा धंदा बदले.

हा बदल सोपा होता, याला कारणे आहेत. देवमाशाच्या शिकारीच्या जहाजाला तेल साठवायला शेकडो पिंपे लागत. गुलामवाहू जहाजाला तेवढ्याच पिंपांत प्यायचे पाणी भरावे लागे. शिकारी जहाजांवर चरबी कढवायला विटांच्या भट्ट्या आणि प्रचंड कढया बसवत. गुलामवाहू जहाजावर शेकडो माणसांना पुरेल एवढी लापशी शिजवायला मोठी भांडी लागत. शिकारीला होड्या वल्हवायला माणसे जास्त लागत. कैद्यांवर पहारा ठेवायलाही माणसे जास्तच लागत. उरलेले काम सुतारांचे. तळघर आणि डेक यांच्या मधल्या जागेत आणखी एक फळ्यांचा मजला ठोकायचा, म्हणजे जिथे उभे राहणेही मुश्कील तिथे माणसांचे दोन थर झोपवता येत. डेकवर आडवी भक्कम लाकडी भिंत घालायची, म्हणजे उठाव झाला तर खलाशांना तिच्याआडून गोळ्या झाडता याव्यात. कडेने जाळी लावायची, म्हणजे कैद्यांनी समुद्रात उड्या मारू नयेत.

या भिंतीचा आणि जाळीचा खर्च करताना मालकांना काय ठाऊक होते, हे त्या खर्चातूनच कळते. मेणबत्तीच्या पेटीला जाळी लावावी लागत नाही. ज्याला ते माल म्हणून लिहीत होते तो माल लढेल आणि जीव देऊन का होईना, सुटू पाहील, याची त्यांना खात्री होती. तशी तजवीज करूनच जहाज बंदर सोडत असे.

नऊ महिने किनाऱ्यावर

ब्राऊन बंधूंना हा धंदा अगदीच नवा नव्हता. त्यांचे वडील जेम्स ब्राऊन यांनी १७३६ मध्ये ‘मेरी’ हे जहाज आफ्रिकेला पाठवले होते. प्रॉव्हिडन्समधून गुलामांसाठी निघालेले ते पहिले जहाज. १७५९ मध्ये कुटुंबाने ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ हे दुसरे जहाज धाडले, ते फ्रेंचांच्या हाती लागले. १७६४ मध्ये सात वर्षांच्या युद्धानंतरची मंदी होती, मेणबत्तीचा कच्चा माल अपुरा पडत होता आणि लोखंडाची भट्टी उभारण्याचे मनात होते. भांडवल हवे होते. त्या वर्षी ऱ्होड आयलंडच्या सरकारने इंग्लंडच्या साखरेवरच्या कायद्याविरुद्ध जे निवेदन केले, त्यात आपल्या वसाहतीतून दरवर्षी सुमारे १८ जहाजे १,८०० पिंपे रम घेऊन आफ्रिकेला जातात, असे उघडपणे, अभिमानाने नोंदवले आहे. वसाहतीत तिसाहून जास्त भट्ट्या रम गाळत होत्या. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांनी पिकवलेल्या उसाची काकवी आणायची, तिची रम करायची, रम देऊन आफ्रिकेत माणसे घ्यायची, ती माणसे वेस्ट इंडीजमध्ये विकून पुन्हा काकवी आणायची.

युरोपातली जहाजे रमऐवजी बहुतेकदा कापड नेत, आणि त्यातले बरेचसे भारतीय सुती कापड असे. गुजरातच्या आणि कोरोमंडल किनाऱ्याच्या विणकरांनी विणलेले निळे, पट्ट्यांचे, चौकड्यांचे कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात मोजले गेले. ते आपल्या विणकरांना माहीत असण्याचे कारण नव्हते. पण या व्यापाराचा नकाशा काढायचा तर त्यात आपला देशही येतो.

‘सॅली’चा कप्तान होता ईसेक हॉपकिन्स. अनुभवी दर्यावर्दी, पण गुलामांच्या व्यापारात नवखा. मालकांनी त्याला दिलेले लेखी हुकूम साधे आहेत. किनाऱ्यावर जा, माल विकून गुलाम घे, वेस्ट इंडीजमध्ये नेऊन वीक. आणि हो, कुटुंबाच्या स्वतःच्या वापरासाठी चार चांगली, साधारण पंधरा वर्षांची मुले घेऊन ये.

नोव्हेंबरात जहाज पश्चिम आफ्रिकेला पोचले. आजच्या गिनी-बिसाऊच्या परिसरात हॉपकिन्स नऊ महिन्यांहून जास्त काळ घुटमळत राहिला. त्या हंगामात ऱ्होड आयलंडची बरीच जहाजे रम घेऊन आली होती. रमचा भाव उतरलेला, माणसांचा चढलेला. स्थानिक राजांना नजराणे द्यायचे, इतर जहाजांशी देवघेव करायची, आणि एक-दोन, एक-दोन करत माणसे विकत घ्यायची. हिशेबवहीत त्यांची नावे नाहीत. पुरुष, स्त्री, मुलगा, मुलगी एवढाच तपशील आणि समोर रमचे गॅलन.

जे आधी विकत घेतले गेले त्यांच्यासाठी हे नऊ महिने काय होते, याची कल्पना करावी. समोर किनारा दिसतो आहे, आपली माणसे, आपली झाडे, आपली बोली हाकेच्या अंतरावर आहे आणि आपण पाण्यावरच्या एका लाकडी पेटीत, बेड्यांत आहोत. जहाज हलत नाही, कारण कप्तानाचा कोटा भरलेला नाही. १७६५ च्या जून महिन्यात हिशेबवहीत नोंद आहे की एका स्त्रीने दोन डेकांच्या मधल्या जागेत गळफास घेतला. नोंद एवढीच आहे. तिच्याआधीही माणसे मेली होती, रोगाने. पण या नोंदीपाशी थांबावे लागते, कारण कप्तानाच्या वहीत ही एका माणसाने स्वतः घेतलेल्या निर्णयाची नोंद आहे.

ऑगस्टच्या २० तारखेच्या सुमारास ‘सॅली’ने आफ्रिका सोडली. आठच दिवसांनी, २८ ऑगस्टला, उठाव झाला. खलाशांपैकी काही आजारी होते. कामाला हात कमी पडत होते म्हणून काही कैद्यांना मोकळे केले होते. त्यांनी इतरांना सोडवले आणि सगळे खलाशांवर तुटून पडले. खलाशांकडे बंदुका होत्या. आठ कैदी मारले गेले, अनेक जखमी झाले. कुणाची मांडी मोडली, कुणाच्या बरगड्या. जहाज पुन्हा कप्तानाच्या ताब्यात आले.

त्यानंतर जे घडले ते हॉपकिन्सने मालकांना कळवले. कैद्यांचे मन असे खचले की काहींनी समुद्रात जीव दिला, काहींनी अन्न सोडले, काही आजारी पडून मेले. वहीत मृत्यूंना क्रमांक घातले आहेत. तारीख, मुलगा किंवा स्त्री किंवा पुरुष, आणि कितवा. पाने उलटत जावीत तसा तो आकडा वाढत जातो. ऑक्टोबरात जहाज वेस्ट इंडीजला लागले. अँटिग्वा बेटावर उतरवले तेव्हा जगलेले इतके कृश आणि आजारी होते की त्यांना भाव आला नाही. काही तिथे मेले. ‘सॅली’साठी एकूण १९६ माणसे विकत घेतली गेली. त्यांतली किमान १०९ मेली.

८८ गुलाम आणि ३ खलाशी दगावल्याची बातमी प्रॉव्हिडन्सला पोचल्यावर ब्राऊन बंधूंनी हॉपकिन्सला उत्तर लिहिले. बातमी फार वाईट आहे, पण तुमची प्रकृती ठीक आहे हे कळून इतके समाधान वाटले की एवढे मोठे नुकसान सोसूनही आम्ही संतुष्ट आहोत, असा त्याचा आशय. पत्र मनापासून लिहिलेले आहे. मित्राच्या तब्येतीची काळजी खरी आहे. म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. या माणसांना माया होती, कळवळा होता. तो कुणाबद्दल वाटायचा आणि कुणाबद्दल नाही, याची सीमा मात्र त्यांनी आखून घेतली होती.

काळच तसा होता?

आता त्या नेहमीच्या उत्तराकडे येऊ. त्या काळी हे चूक आहे असे कुणाला वाटतच नव्हते, हे म्हणणे ‘सॅली’च्या बाबतीत टिकत नाही. त्यासाठी लांब जायला नको.

कप्तानाचा सख्खा भाऊ स्टीफन हॉपकिन्स त्या वेळी ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर होता. ‘सॅली’ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचत होती त्याच सुमारास त्याने वसाहतींच्या हक्कांविषयी एक पुस्तिका लिहिली. स्वातंत्र्य हे माणसाला लाभणारे सर्वांत मोठे वरदान आणि गुलामी हा सर्वांत मोठा शाप, हे तिचे पहिलेच प्रतिपादन. इंग्लंडच्या संसदेने लादलेल्या करांविरुद्ध तो लिहीत होता. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. गुलामी म्हणजे काय आणि ती किती वाईट, हे या घराण्याला शिकवण्याची गरज नव्हती. ते त्यांच्या घरातच लिहिले जात होते.

दुसरा पुरावा देवमाशांच्या धंद्यातलाच. ज्या नॅन्टकेट बेटावरून ब्राऊन बंधूंचा कच्चा माल येई, तिथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा मोठा जोर होता. तिथल्या क्वेकर सभेने १७१६ मध्येच, म्हणजे ‘सॅली’ निघण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी, माणसे विकत घेणे आणि आयुष्यभर गुलाम म्हणून ठेवणे सत्याला धरून नाही, असा निर्णय नोंदवला होता. त्या बेटावर गुलाम उरले नव्हते असे नाही. पण १७७३ मध्ये प्रिन्स बोस्टन नावाचा एक गुलाम तरुण विल्यम रॉचच्या ‘फ्रेंडशिप’ या शिकारी जहाजावरून परतला, तेव्हा कप्तान एलिशा फॉल्जरने त्याच्या वाट्याचे पैसे त्याच्या धन्याला न देता प्रिन्सच्या हातात ठेवले. धनी कोर्टात गेला. कोर्टाने प्रिन्सच्या बाजूने निकाल दिला आणि तो स्वतंत्र झाला. त्याचा पुतण्या ॲबसलम बोस्टन १८२२ मध्ये ‘इंडस्ट्री’ या शिकारी जहाजाचा कप्तान झाला; त्या जहाजावरचे सगळे खलाशी कृष्णवर्णीय होते.

तोच समुद्र, तेच तेल, तीच दशके. विल्यम रॉच ब्राऊन बंधूंइतकाच कसलेला व्यापारी होता. धंदा माणसाला एकाच दिशेने ढकलतो, असे म्हणायला इथे जागा उरत नाही. एका जहाजावर माणसाच्या मेहनतीचा वाटा त्याच्या हातात पडला आणि दुसऱ्यावर त्या माणसालाच विकायला काढले. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारी माणसे होती.

दोन भाऊ

‘सॅली’नंतर ब्राऊन बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. निकोलस, जोसेफ आणि मोझेस यांनी गुलामांच्या व्यापारात पुन्हा पैसा घातला नाही. मुख्य कारण बहुधा नुकसानच असावे. जॉन मात्र थांबला नाही.

मोझेसच्या बाबतीत पुढे काहीतरी खोलवर हलले. १७७३ मध्ये त्याची पत्नी ॲना वारली. त्या दुःखात त्याने स्वतःच्या आयुष्याचा झाडा घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त केले आणि पुढच्या वर्षी तो क्वेकर झाला. १७८४ मध्ये ऱ्होड आयलंडने गुलामी हळूहळू संपवण्याचा कायदा केला. १७८७ मध्ये आपल्या रहिवाशांना गुलामांच्या व्यापारात भाग घ्यायला बंदी केली. या दोन्हींमागे मोझेसचे अखंड परिश्रम होते.

१७८३ मध्ये त्याला कळले की क्लार्क आणि नाइटिंगेल ही प्रॉव्हिडन्सची पेढी आफ्रिकेला जहाज पाठवण्याच्या बेतात आहे. त्याने त्यांना पत्र लिहिले. त्यात ‘सॅली’ची हकीकत आहे. आम्ही निघालो तेव्हा मी आज तुम्हाला सांगतो आहे तसे कुणी मला सांगितले असते तर बरे झाले असते; आयुष्यातल्या इतर कुठल्याही कृत्यापेक्षा या कृत्याचा डाग माझ्या मनावर जास्त गडद आहे, अशा अर्थाची कबुली आहे. पत्र वाया गेले. पेढीने जहाज पाठवलेच.

भाऊ जॉनशी त्याचा झगडा उभ्या आयुष्याचा. जॉन मोठा कर्तबगार व्यापारी. १७८७ मध्ये त्याचे ‘जनरल वॉशिंग्टन’ हे जहाज मद्रास-पाँडिचेरीला येऊन पुढे कॅन्टनला गेले. ऱ्होड आयलंडच्या पूर्वेकडच्या व्यापाराची ती सुरुवात. पण अमेरिकेच्या काँग्रेसने १७९४ मध्ये परदेशांना गुलाम पुरवण्यावर बंदी घातल्यानंतरही त्याने ‘होप’ नावाचे जहाज या कामासाठी पाठवले. मोझेस ज्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा आधारस्तंभ होता, तिच्याच पुढाकाराने खटला उभा राहिला. १७९७ मध्ये ‘होप’ जप्त झाले. या कायद्याखाली खटला चाललेला जॉन ब्राऊन हा पहिला अमेरिकन. पुढे तो काँग्रेसचा सभासद झाला आणि १८०० मध्ये हा कायदा कडक करण्याचे विधेयक आले तेव्हा त्याने भर सभागृहात गुलामांच्या व्यापाराचे समर्थन केले.

मोझेसचीही गोष्ट डागाविना संपत नाही. १७९० मध्ये पॉटकेट इथे यंत्रावर सूत काढणारी अमेरिकेतली पहिली यशस्वी गिरणी सुरू झाली, तिच्यामागे त्याचेच भांडवल होते. पुढे अशा गिरण्यांना दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लागू लागला. एका दाराने बाहेर घालवलेली गुलामी दुसऱ्या दाराने आत आली. तरी त्याने जे केले त्याचे मोल कमी होत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्या चळवळीच्या सुरुवातीच्या पिढीत मोझेस ब्राऊन उभा होता. फुल्यांना त्या लोकांचे जे अप्रूप वाटले ते हेच: आपल्याच समाजाला, आपल्याच घराला लाभ देणाऱ्या अन्यायाविरुद्ध ते उभे राहिले.

शिकारीचा मुखवटा

देवमासा आणि गुलामी यांचे नाते ब्राऊन बंधूंबरोबर संपले नाही. ते पुढच्या शतकात आणखी विद्रूप होऊन परत आले. १८०८ पासून अमेरिकेत गुलाम आणण्यावर पूर्ण बंदी आली आणि १८२० मध्ये या व्यापाराला चाचेगिरी ठरवून देहान्त शिक्षा ठेवली गेली. ब्रिटिश आरमार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालू लागले. जहाजावर प्रमाणाबाहेर पाण्याची पिंपे, मोठ्या कढया, जादा फळ्या सापडल्या, तर गुलाम नसले तरी जहाज पकडता येईल, असे करार झाले.

मग गुन्हेगारांना जुन्या शिकारी जहाजांची आठवण झाली. देवमाशांच्या जहाजावर पिंपे, कढया, फळ्या असणे स्वाभाविकच. ते दोन-दोन, तीन-तीन वर्षे परतले नाही तरी कुणाला संशय येत नाही. त्याला ठरलेला मार्ग नसतो. १८५० च्या दशकाच्या अखेरीस देवमासे दुर्मिळ झाले, पेनसिल्व्हेनियात खनिज तेल सापडले आणि न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरातली जुनी जहाजे स्वस्तात मिळू लागली. त्यांतली काही शिकारीच्या नावाखाली आफ्रिकेला जाऊन क्यूबासाठी माणसे भरू लागली.

१८६१ मध्ये लिंकनचे सरकार आल्यावर या डावाभोवतीचा फास आवळला गेला. न्यू बेडफर्डचे ‘मार्गारेट स्कॉट’ जप्त झाले. यादवी युद्धात चार्ल्स्टन बंदराची वाट अडवण्यासाठी दगड भरून बुडवलेल्या जुन्या जहाजांत तेही गेले. शिकारी जहाजाच्या अशाच एका प्रकरणात ॲपलटन ओकस्मिथ याला १८६२ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाने दोषी ठरवले. तो तुरुंगातून पळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नॅथॅनियल गॉर्डन या कप्तानाला न्यूयॉर्कमध्ये फाशी झाली. १८२० चा कायदा झाल्यापासून या गुन्ह्यासाठी अमेरिकेने दिलेली ही एकमेव फाशी. कायदा बेचाळीस वर्षे कागदावर होता. तो वापरण्याचे धैर्य तेवढे उशिरा आले.

वही उघडली तेव्हा

‘सॅली’ निघाली त्याच वर्षी, १७६४ मध्ये, ऱ्होड आयलंडमध्ये एक कॉलेज स्थापन झाले. स्टीफन हॉपकिन्स त्याचा पहिला कुलपती. कॉलेज १७७० मध्ये प्रॉव्हिडन्सला आले, तेव्हा पहिली इमारत उभारण्याची व्यवस्था निकोलस ब्राऊनच्या पेढीने पाहिली. ती बांधणाऱ्या मजुरांत गुलामही होते. १८०४ मध्ये निकोलसच्या मुलाने ५,००० डॉलरची देणगी दिली आणि कॉलेजला नाव मिळाले ब्राऊन विद्यापीठ.

२००१ मध्ये रूथ सिमन्स या विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. आयव्ही लीगमधल्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष आणि गुलामांच्या वंशज. २००३ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा गुलामीशी नेमका काय संबंध होता, हे शोधण्यासाठी समिती नेमली. इतिहासकार जेम्स कॅम्पबेल समितीचे प्रमुख होते. २००६ मध्ये अहवाल आला. त्यात ‘सॅली’ची संपूर्ण हकीकत होती. विद्यापीठाच्याच जॉन कार्टर ब्राऊन ग्रंथालयात जपलेली हिशेबवही जगापुढे ठेवली गेली. आज तिची पाने कुणालाही संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. २०१४ मध्ये आवारात शिल्पकार मार्टिन प्युरियर यांनी घडवलेले गुलामीचे स्मारक उभे राहिले. शिवाय प्रॉव्हिडन्सच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा निधी उभारण्याचे विद्यापीठाने मान्य केले.

अनेकांनी विचारले, आता हे उकरून काय मिळणार? मेलेल्यांना न्याय मिळणार नाही, हे खरेच आहे. पण ज्या संस्थेचे नावच त्या पैशातून आले आहे तिने आपल्या स्थापनेची अर्धीच गोष्ट सांगत राहणे, ही भूतकाळातली नव्हे, तर आजची अप्रामाणिक कृती आहे. ब्राऊननंतर इतर विद्यापीठांनी आपल्या वह्या उघडल्या. हार्वर्डने २०२२ मध्ये असाच अहवाल काढला. एकाने सुरुवात केली की न करणाऱ्यांना कारण द्यावे लागते.

जुन्या अन्यायाची चर्चा निघाली की आपल्याकडेही ‘तो काळ वेगळा होता’ असे म्हणून विषय मिटवला जातो. ‘सॅली’ची वही वाचल्यावर मला हे वाक्य उच्चारता येत नाही. त्या काळात नॅन्टकेटची सभा होती, प्रिन्स बोस्टनच्या हातात पैसे ठेवणारा कप्तान होता, गुलामीला शाप म्हणणारा गव्हर्नर होता. आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. जून महिन्यात गळफास घेणारी स्त्री त्याच काळाची होती. २८ ऑगस्टला बंदुकांवर चालून जाणारी माणसे त्याच काळाची होती. त्यांना हे चूक आहे हे पक्के ठाऊक होते आणि त्यांनी ते जिवाचे मोल देऊन सांगितले. त्या काळाचे मत विचारायचे असेल तर ते फक्त हिशेब लिहिणाऱ्यांचे का विचारायचे? ‘सॅली’वरच्या १९६ माणसांचे मतही विचारात घेतले, तर त्या जहाजावर या व्यापाराला चूक म्हणणारेच बहुसंख्य होते.